आकाशाशी ताळा

मकरसंक्रांत आली की आमच्या घराघरांतून तिळगुळाचा दरवळ सुटतो, सुवासिनींच्या हळदीकुंकवाची लगबग सुरू होते आणि एक वाक्य न चुकता सर्वत्र उच्चारले जाते : आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू झाले. कीर्तनातून, भाषणांतून, शुभेच्छापत्रांतून ते इतक्या वेळा कानांवर पडलेले असते की त्याचा ताळा घेऊन पाहावा, असे कोणास सुचतही नाही. वस्तुतः शाळेत भूगोलाच्या तासाला मुलांना शिकविले जाते, की दक्षिणेकडे सरकणारा सूर्य २१ किंवा २२ डिसेंबरला मकरवृत्तावर पोहोचतो आणि तेथून उत्तरेकडे वळतो. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी सूर्याने उत्तरेची वाट धरल्याला सुमारे २४ दिवस लोटलेले असतात. ही दोन विधाने एकाच मुलाच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. परीक्षेत एक लिहावयाचे आणि सणाला दुसरे म्हणावयाचे, अशी त्याने मनाची वाटणी करून घेतलेली असते. चोवीस दिवसांचे अंतर एक वेळ सोसता येईल. ही वाटणी मात्र आम्हांस अधिक चिंतेची वाटते.

या दोहोंतले खरे कोणते हे ठरविण्यासाठी वेधशाळेची आवश्यकता नाही. आम्ही समुद्रकाठचे लोक या बाबतीत भाग्यवान आहोत. कळंगुट, कोलवा, वेंगुर्ले, मालवण अशा कोणत्याही किनाऱ्यावर रोज एकाच जागी उभे राहून डिसेंबरच्या आरंभापासून सूर्यास्त पाहावा. सूर्य बुडण्याची जागा दिवसेंदिवस डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, सरकत जाते. २२ डिसेंबरच्या आसपास ती काही दिवस थबकल्यासारखी भासते आणि मग उजवीकडे परतू लागते. संक्रांतीच्या संध्याकाळी ती सुमारे चार सूर्यबिंबांच्या रुंदीएवढी उत्तरेस आलेली असते. ज्यांना समुद्र जवळ नाही त्यांनी अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी. पणजीच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली सुमारे ८१ सेंटिमीटर पडते; वर्षातली सर्वांत लांब मध्यान्हछाया ती हीच. संक्रांतीला तीच सावली ७५ सेंटिमीटरांच्या आसपास आलेली असते. मात्र मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपल्याकडे या दिवसांत खरी मध्यान्ह साडेबारा ते पाऊण या वेळात होते, एवढे ध्यानात ठेवावे.

मग पंचांग खोटे सांगते काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंचांगातील संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि ही रास ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली असते. या पद्धतीस निरयन म्हणतात. ऋतू मात्र ताऱ्यांना विचारून येत नाहीत. दिवस लहान-मोठे होणे, सावली आखूड-लांब होणे, थंडी पडणे, पाऊस येणे हे सारे सूर्य विषुववृत्ताच्या कोणत्या बाजूस व किती दूर आहे यावर ठरते. त्या मोजणीस सायन म्हणतात. ताऱ्यापासून पुन्हा त्याच ताऱ्यापर्यंत येण्यास सूर्याला ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे लागतात. वसंतसंपातापासून पुन्हा वसंतसंपातापर्यंत येण्यास ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटे पुरतात. अंतर अवघे वीस मिनिटांचे. कारण असे, की पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे, आणि त्या फुगवट्यावर चंद्रसूर्यांची ओढ पडत असल्यामुळे तिचा आस मंदावलेल्या भोवऱ्याप्रमाणे डुलत राहतो. एका डुलण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे संपातबिंदू दर ७२ वर्षांना एक अंश मागे सरकतो. यालाच संपातचलन म्हणतात, आणि साचत गेलेल्या अंतरास अयनांश. आज ते २४ अंशांहून थोडे अधिक आहे.

वर्षाला वीस मिनिटे ही मोजायचीदेखील गोष्ट नव्हे, असे कोणास वाटेल. पण शतकांच्या हिशेबात ती मोठी होते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत कधी १४ तर कधी १५ जानेवारीला येते. त्याही मागे जावे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जो संहार झाला तो संक्रांतीच्या दिवशीच झाला, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. शब्दांची जोडीही तशी मनात बसून गेली आहे. परंतु गणित केले तर त्या वर्षी सूर्याचा निरयन मकरप्रवेश १० जानेवारीच्या सुमारास झाला होता. रणांगणावर सूर्योदय झाला तेव्हा संक्रांत उलटून तीन-चार दिवस झाले होते. आजची दिनदर्शिका आपण भूतकाळावर जशीच्या तशी पसरली, आणि कोणी ताळा घेतला नाही. हीच चाल पुढे चालू राहिली तर इसवी सन ३००० च्या सुमारास संक्रांत जानेवारीच्या अखेरीस जाईल, आणि तेरा हजार वर्षांनी तीळगूळ भर पावसाळ्यात वाटावा लागेल.

आमच्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते काय? येथेच कथेला वेगळे वळण लागते. वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट नोंद केली, की पूर्वीच्या शास्त्रांत तसे म्हटले असले तरी आपल्या काळी सूर्य मकरारंभी वळतो. जुन्या वचनाचा त्याने उपहास केला नाही. ते त्या काळी खरे असले पाहिजे, असे मानून त्याने आपल्या काळचे सत्य त्याच्या शेजारी ठेवले. शिवाय वाचकास ताळा घेण्याची रीतही सांगितली : उगवत्या वा मावळत्या सूर्याची जागा दूरच्या खुणेशी ताडून पाहा, नाही तर मोठे वर्तुळ आखून त्यात सावली कोठून शिरते व कोठून बाहेर पडते त्याच्या खुणा करा. वर आम्ही किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणि अंगणातली काठी सुचविली ती काही परदेशी ग्रंथातून उचललेली नाही. ती वराहमिहिराचीच आज्ञा आहे. महाभारतातील भीष्म शरपंजरी पडून ज्याची वाट पाहत होते तो सूर्याचा वळसा होता. छापील पंचांगातली ओळ नव्हे.

मग हा फरक साचू का दिला गेला? याचेही उत्तर शास्त्राच्या इतिहासातच मिळते. सूर्यसिद्धांताच्या प्रचलित पाठात संपातबिंदू २७ अंशांपर्यंत एका बाजूस जातो आणि झोक्याप्रमाणे परत येतो, असे मानले आहे. दहाव्या शतकातील मुंजालाने तो अखंड फिरतो असे मानून गती दिली होती, व भास्कराचार्यांनी तिचा उल्लेखही केला. पण झोक्याचे मत टिकून राहिले. अरबांतील व युरोपातील ज्योतिषीही शतकानुशतके अशाच झोक्यावर विश्वास ठेवीत आले होते, तेव्हा आपल्यालाच दोष देण्याचे कारण नाही. सण परत मूळ जागी येणार असेल तर तो हलविण्याची घाई कशाला, हा विचार त्या गृहीताच्या चौकटीत शहाणपणाचाच होता. पुढे न्यूटनने १६८७ मध्ये संपातचलनाचे कारण गुरुत्वाकर्षणात दाखवून दिले आणि झोक्याची आशा संपली. गृहीत ढासळले, त्यावर उभा असलेला आचार मात्र तसाच राहिला.

याच संदर्भात आमच्या किनारपट्टीच्या एका पुत्राचे स्मरण करणे उचित होईल. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ होऊन गेले. केशव हे हाडाचे वेधकर्ते. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, काही तर अंशांनी चुकतात, हे त्यांनी लिहून ठेवले. आणि पुढील काळातल्या गणकांनी स्वतः वेध घेऊन नवे ग्रंथ रचावेत, असे सांगून ठेवले. गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे १५२० साली, पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर दहा वर्षांनी, ग्रहलाघव रचला. एका सिद्धांताशी निष्ठा ठेवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. ज्या ग्रहाला ज्या सिद्धांताचे गणित आकाशाशी जुळे ते घेतले, आणि जेथे कोणतेच जुळेना तेथे आपली दुरुस्ती दिली. या दुरुस्तीला शास्त्रात एक सुंदर नाव आहे : बीजसंस्कार. आणि गणित व आकाश जुळण्याला नाव आहे दृक्प्रत्यय. ज्या परंपरेने चुकीच्या दुरुस्तीला संस्काराचा मान दिला तिला अंधश्रद्धेची परंपरा कोण म्हणेल? दुर्दैव असे, की त्यानंतरची साडेतीनशे वर्षे कोकणात व देशावर पंचांगे ग्रहलाघवावरून होत राहिली. पण ग्रहलाघवकाराने केले ते कोणी फारसे केले नाही. गणेश दैवज्ञांचे आकडे आम्ही डोक्यावर घेतले आणि त्यांची वृत्ती टाकून दिली.

एकोणिसाव्या शतकात ती वृत्ती पुन्हा जागी झाली, आणि ती जागविणारे बहुतेक मराठी होते. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली व नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये संपातचलनाचाच गज घेऊन वेदांचा काळ मोजला. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पक्षाचा हिरिरीने पुरस्कार केला. दापोलीजवळच्या मुरुडात जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तोच पक्ष उचलला आणि १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा अजोड ग्रंथ मराठीत दिला. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी 'ज्योतिर्गणित' रचून पंचांगाला अर्वाचीन अचूकता आणली. एकमत मात्र झाले नाही. राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून धरावा की चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून, या वादात दोन पक्ष पडले. दोहोंत अंतर सुमारे चार अंशांचे, म्हणजे चार दिवसांचे. ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो अधिक मास. तेव्हा संक्रांत चार दिवसांनी इकडे-तिकडे झाली की काही वर्षी अधिक मासच बदलतो. कोकणात टिळक पंचांग पाळणारी काही घराणी आजही आहेत. त्यांच्याकडे अशा वर्षी गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी येतो. एकाच वाडीत दोन चतुर्थ्या, आणि दोन्ही शास्त्रशुद्ध!

निरयन पक्षाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. आकाशात सूर्याजवळ कोणते नक्षत्र आहे, हे तोच पक्ष खरेपणाने सांगतो. शिवाय सण ही समाजाची गोष्ट आहे. तो सर्वांनी एका दिवशी करण्यातच त्याची शोभा. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांचे पोट निसर्गावर अवलंबून आहे त्यांच्याकडे पाहिले तर काय दिसते? आमचा शेतकरी ७-८ जूनला मृग लागला की आभाळाकडे पाहतो. मृगाचा पाऊस म्हणजे अनादी काळचा ठेवा असे आपल्याला वाटते. वस्तुतः वराहमिहिराच्या काळी सूर्य मृगात शिरे तो आजच्या तारखांच्या मापाने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा मृग आणि पावसाची सलामी यांची ही जोडी मागाहून जमलेली आहे. कोणा शास्त्र्याच्या निर्णयाची वाट न पाहता पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी आभाळ पाहून ती जमविली. आणखी काही शतकांनी त्यांच्या वंशजांना ती मोडून दुसरी जमवावी लागेल. आमचा मच्छीमार पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीचा भांग तिथीवरून ओळखतो. पण होडी लोटताना तो पाणी पाहतो. पंधरा दिवसांतून दोनदा त्याच्या पंचांगाचा ताळा समुद्र घेत असतो.

धर्मासाठी कालगणना सुधारणे म्हणजे धर्म बुडविणे, ही भीती इतरांनाही होती. जुलियन वर्ष अकरा मिनिटांनी मोठे असल्यामुळे सोळाव्या शतकात वसंतसंपात ११ मार्चवर आला होता आणि ईस्टरचा सण त्याच्या ऋतूपासून ढळत चालला होता. तो जागेवर आणण्यासाठी १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. पोर्तुगालने त्याच वर्षी ते मानले. तेथे ४ ऑक्टोबरनंतरची पहाट १५ ऑक्टोबरची होती. या सुधारणेमागचा गणिती क्लाव्हियस हा कोइंब्रा येथे शिकलेला जेझुइट. पोपचे नाव नको म्हणून इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत, म्हणजे १७० वर्षे, चुकीची तारीख पाळली. चूक कोणाच्या मुखातून दाखविली जाते याला महत्त्व दिले की असे होते.

आपल्याकडेही प्रयत्न झाला. १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तीत 'केसरी'चे संपादकपद भूषविलेले ज. स. करंदीकर, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि उज्जैनचे आर. व्ही. वैद्य असे मराठी विद्वान होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ पासून शके १८७९ चा राष्ट्रीय चैत्र सुरू झाला. आमचा गोवा त्या दिवशी परक्या सत्तेखाली होता. तो या कालगणनेत आला डिसेंबर १९६१ मध्ये. राष्ट्रीय पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर, म्हणजे प्रत्यक्ष उत्तरायणाचा. धार्मिक सणांसाठी समितीने मध्यम मार्ग सुचविला होता : आजवर पडलेले अंतर राहू द्यावे, पण यापुढे ते वाढू देऊ नये. याहून सौम्य सूचना कोणती असेल? तरीही रूढ पंचांगांनी ती स्वीकारली नाही. राष्ट्रीय तारीख राजपत्राच्या माथ्यावर राहिली, आणि अंतर दर वर्षी वीस मिनिटांनी वाढतच आहे.

संक्रांत उद्यापासून २२ डिसेंबरला करा, अशी आमची मागणी नाही. सण हुकमाने हलत नाहीत आणि हलवूही नयेत. आमचे म्हणणे एवढेच, की जे खरे नाही ते सणाच्या नावाने मुलांना सांगू नये. पंचांगकर्त्यांनी संक्रांतीच्या पानावर 'निरयन मकरप्रवेश' असे लिहावे आणि उत्तरायणारंभ २१-२२ डिसेंबरच्या रकान्यात ठळकपणे छापावा. काही पंचांगे हे करतातही, पण वाचणाऱ्याचे लक्ष जाईल असे ते असत नाही. साहा समितीचा मध्यम मार्ग धर्माचार्यांनी व गणितज्ञांनी एकत्र बसून पुन्हा विचारात घ्यावा. आणि गोव्यातल्या शाळांनी एक साधी गोष्ट करावी. १९ डिसेंबरला आपण मुक्तिदिन पाळतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच सूर्य वळतो. नाताळच्या सुटीपूर्वी शाळेच्या पटांगणात एक काठी रोवावी, मुलांना मध्यान्हीची सावली मोजून भिंतीवर लिहू द्यावी, आणि संक्रांतीला पुन्हा मोजू द्यावी. सहा सेंटिमीटरांचा तो फरक कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवील.

आमच्या दर्शनांनी ज्ञानाची प्रमाणे मोजली तेव्हा प्रत्यक्षाला पहिले स्थान दिले. प्रत्यक्षाचा जो प्रांत आहे तेथे श्रुतिवचनाचाही अधिकार चालत नाही, असा निर्वाळा आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात दिला आहे. विज्ञान पश्चिमेचे आणि श्रद्धा आमची, ही वाटणी करणाऱ्यांना ना विज्ञान कळले, ना आपली परंपरा. वराहमिहिर, केशव, गणेश दैवज्ञ आणि दीक्षित यांना जोडणारा धागा एकच : पूर्वसूरींना वंदन करावे, आणि मग मान वर करून आकाश पाहावे. यांपैकी पहिले आम्ही मनःपूर्वक करतो. दुसऱ्याचा आळस टाकला, तरच पहिल्याला अर्थ उरेल.